ऑर्किड विकण्याआधी खिडकी विचारा



रोपांच्या दुकानाच्या मालिकेत मागच्या व्हिडिओत आपण पहिला स्टॉक कसा निवडायचा ते पाहिलं. त्यात ऑर्किडचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं होतं की हे वेगळं लिहून देईन. कारण चांगलं मार्जिन देणारं आणि तितक्याच सहज पैसे बुडवणारं एकच रोप दाखवा म्हटलं, तर मी ऑर्किडकडे बोट दाखवीन. गिऱ्हाईक पाण्याला दोष देतं, दुकानदार नर्सरीला दोष देतो. माझ्या मते दहातल्या निम्म्याहून जास्त भानगडी उजेडाच्या असतात.

आधी हिशोब बघा. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. फुलांवर आलेल्या २० कुंड्या, खरेदी प्रत्येकी ४०० रुपये, वाहतूक ६०० रुपये. म्हणजे ८,६०० रुपये गुंतले. सगळ्या ७०० ला गेल्या तर १४,००० येतात, हातात ५,४०० राहतात. आता यातल्या पाच कुंड्यांच्या कळ्या दुकानातच गळल्या आणि त्या ३०० ला काढाव्या लागल्या. पंधराचे १०,५०० आणि पाचचे १,५००, एकूण १२,०००. हातात राहिले ३,४००. पाच कुंड्यांनी २,००० रुपये खाल्ले, म्हणजे नफ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. दुकानाचं भाडं, लाईट बिल आणि पोराचा पगार अजून यातूनच जायचाय.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

घरात किंवा दुकानात ठेवायचं ऑर्किड म्हणजे बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस. तेच ते, लांब दांड्यावर पांढरी किंवा जांभळी, फुलपाखरासारखी फुलं असलेलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की याला 'कमी उजेड' चालतो. इथेच घोळ होतो. बाकीच्या ऑर्किडच्या मानाने कमी, आपल्या घराच्या मानाने नाही.

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स असतो. फॅलेनॉप्सिसला दिवसाच्या चांगल्या वेळात १०,००० ते १५,००० लक्स मिळाला तर ते खूश असतं. आणि ऑफिसच्या टेबलावर वाचायला-लिहायला आपल्याला ३०० ते ५०० लक्स पुरतो. परत वाचा. आपल्याला ज्या उजेडात पेपर स्पष्ट वाचता येतो, त्याच्या वीस-तीस पट उजेड या झाडाला हवा असतो.

हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपला डोळा सवय करून घेतो. बाहेरून आत आलं की बाहुली मोठी होते आणि दोन मिनिटांत खोली 'छान उजेडाची' वाटायला लागते. झाडाच्या पानाला अशी सोय नाही. शिवाय खिडकीपासून आत सरकत गेलं की उजेड भराभर पडतो. आमच्या दुकानात सकाळी काचेजवळ सात-आठ हजार लक्स असतो. तिथून दहा-बारा फुटांवर काउंटर, तिथे ट्यूब चालू असूनही चारशे-पाचशे. नुसतं बघून कोणी म्हणणार नाही की एवढा फरक आहे.

म्हणून पहिली खरेदी लक्स मीटरची करा. साधा मीटर पुरतो, महागाचा नको. मोबाईलवरची मोफत ॲप्सही चालतात, त्यांचा आकडा थोडा मागे-पुढे असतो, पण इथून तिथे किती फरक आहे ते नक्की कळतं. मोजताना मीटर पानाच्या जागी ठेवायचा, तोंड उजेडाकडे. आणि एकदा मोजून थांबायचं नाही. सकाळी ९, दुपारी १ आणि ४ असं तीनदा मोजायचं, कारण झाड एका क्षणाचा उजेड खात नाही, दिवसभराची कमाई खातं.

ब्रेक-इव्हनवर चाललेलं झाड

बीबीएच्या पहिल्या वर्षाला ब्रेक-इव्हन शिकवतात: विक्री एवढी झाली की खर्च भागतो, नफा शून्य. झाडाचंही अगदी तसंच असतं. पान उजेडातून साखर बनवतं, ती कमाई. जिवंत राहायला रोजची जी साखर जळते तो खर्च. उजेड एका पातळीवर आला की दोन्ही सारखं होतं. त्या पातळीला झाड मरत नाही, पण नवीन पान, नवीन मूळ, फुलांचा दांडा, यातलं काहीही परवडत नाही.

त्या पातळीच्याही खाली गेलं तरी ऑर्किड लगेच मरत नाही. त्याची पानं जाड असतात, साठा असतो. ते भांडवल खात बसतं. आठ-दहा महिने सहज काढतं. गिऱ्हाइकाला वाटतं सगळं ठीक चाललंय, पानं तर हिरवीगार आहेत! दुकान तोट्यात असून फक्त एफडी मोडून चालवल्यासारखं आहे हे. बाहेरून शटर उघडंच दिसतं.

याचा एक परिणाम तुमच्या धंद्यावर थेट होतो. फॅलेनॉप्सिसची फुलं दोन-तीन महिने टिकतात. ती नर्सरीत साठवलेल्या भांडवलावर उमललेली असतात. म्हणजे गिऱ्हाइकाने टीव्हीखाली अंधारात ठेवलं तरी फुलं बराच काळ मस्त दिसतात. मग गळतात आणि पुन्हा येतच नाहीत. त्यावरून लोकांनी नियम काढलाय की ऑर्किड एकदाच फुलतं. असं काही नसतं. तेच झाड योग्य उजेडात दरवर्षी फुलतं. पण ज्याला 'एकदाच फुलतं' असं वाटतं तो दुसरं ऑर्किड घ्यायला परत येत नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी भानगड पाण्याची. उजेड कमी असेल तर झाड पाणी कमी ओढतं, कुंडीतली साल आणि कोळसा लवकर सुकत नाही. आपण मात्र ठरलेल्या वारी पाणी घालत राहतो. मुळं कुजतात. मग निदान होतं 'पाणी जास्त झालं', आणि ते खरंही असतं, पण तेच पाणी चांगल्या उजेडात जास्त झालं नसतं. गिऱ्हाइकाला फक्त 'पाणी कमी घाला' सांगितलं तर अर्धंच औषध दिलं.

मीटर नसेल तर: सावली आणि पान

प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मीटर असणार नाही. त्यांना हाताची सावली शिकवा. दुपारी बाराच्या सुमाराला जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवायचा आणि कागदाच्या एक फूट वर हात धरायचा. सावली काळी, बोटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, तर ऊन फार आहे, फॅलेनॉप्सिस भाजेल. सावली दिसते पण कडा धूसर आहेत, तर जागा चांगली. सावली जेमतेम दिसते किंवा शोधावी लागते, तर तिथे फुलांची आशा धरू नका.

पानाचा रंगही बोलतो. इथे आपला अनुभव उलटा पडतो. आपल्याला गडद हिरवं पान म्हणजे निरोगी वाटतं. ऑर्किडमध्ये फार गडद, लांबुळकं, लुळं पडणारं पान म्हणजे उजेड कमी. मध्यम, किंचित पोपटीकडे झुकणारा हिरवा म्हणजे बरोबर. पिवळट झालं किंवा कडेला लालसर छटा आली तर उजेड जास्त होतोय. काही जातींच्या पानाला मुळातच लालसरपणा असतो, तेवढं बघून घ्यायचं.

भाजलेलं पान ओळखता आलंच पाहिजे, कारण ते घेऊन लोक दुकानात भांडायला येतात. ज्या बाजूला ऊन पडतं त्याच बाजूला, पानाच्या वरच्या भागावर, आधी फिका पांढरट डाग पडतो आणि मग तो तपकिरी, कोरडा, खोलगट होतो. तो भरून येत नाही, पण जागा बदलली की पसरतही नाही. गिऱ्हाईक त्याला रोग समजून बुरशीनाशक मागतं. विकू नका. जागा बदलायला सांगा. दुपारी पानाला हात लावून बघायची सवय लावा. आजूबाजूच्या हवेपेक्षा पान गरम लागलं तर डाग पडायच्या आधीच कुंडी मागे घेता येते.

खिडकीची दिशा आणि इंटरनेटवरचे सल्ले

इंग्रजी वेबसाइटवर दिशांबद्दल जे लिहिलेलं असतं, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी असतं. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो, म्हणून दक्षिणेची खिडकी बारा महिने उन्हाची. आपल्याकडे तसं नाही. पुणे साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. मे महिन्याच्या मध्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी तो थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. उलट डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत जमिनीवर पसरतं. एकच खिडकी, दोन वेगळे हिशोब.

पूर्वेची खिडकी सगळ्यात सोपी. सकाळचं कोवळं ऊन, साडेनऊ-दहापर्यंत थेट आलं तरी फॅलेनॉप्सिसला चालतं. गिऱ्हाइकाकडे पूर्वेची उघडी खिडकी असेल तर निर्धास्त विका. पश्चिमेची खिडकी मार्च ते मेमध्ये भट्टी असते. दुपारी तीननंतरचं ऊन आणि तापलेली काच, दोन्ही मिळून पान भाजतं. तिथे पातळ पांढरा पडदा हवा, किंवा गॅलरीला हिरवी शेडनेट. उत्तरेच्या खिडकीत झाड जगतं, पण अगदी काचेला लागून ठेवलं आणि समोर मोकळं आकाश असेल तरच फुलायची शक्यता.

'मोकळं आकाश' हा शब्द महत्त्वाचा आहे. शहरात दिशेपेक्षा समोर काय आहे याला जास्त किंमत. पूर्वेची खिडकी आहे पण वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग, वर पत्र्याची शेड आणि ग्रिलमध्ये सुकणारे कपडे. मग ती पूर्व फक्त वास्तुशास्त्रापुरती.

गिऱ्हाइकाला महिने आणि अंश सांगून उपयोग नाही, लक्षात राहत नाही. आम्ही सण सांगतो. होळी झाली की पडदा लावा. मृगाचा पाऊस सुरू झाला की पडदा काढा आणि कुंडी काचेजवळ सरकवा. दसऱ्याला दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन पुन्हा तपासा. एवढं लोक बरोबर करतात.

थंडीचं एक सांगतो, कारण विक्रीशी संबंध आहे. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो, विशेषतः रात्रीचा. पुण्या-नाशिककडे दिवाळीनंतर तो आपोआप मिळतो. त्या वेळी उजेडही भरपूर असेल तर दांडा निघतो. दांडा उजेडाच्या दिशेने वाढतो, म्हणून तो निघाल्यावर कुंडी सारखी फिरवायची नाही. नाहीतर दांडा नागमोडी होतो आणि फुलं सगळीकडे तोंड करून बसतात. विक्रीला ठेवलेल्या कुंडीत हे फार वाईट दिसतं. पोरं झाडलोट करताना कुंड्या उलटसुलट ठेवतात, म्हणून कुंडीच्या काठावर खिडकीच्या बाजूला मार्करने खूण करून ठेवा.

सगळी ऑर्किड सारखी नसतात

डेंड्रोबियमला फॅलेनॉप्सिसच्या साधारण दुप्पट उजेड लागतो, सकाळचं थेट ऊन त्याला आवडतं. फुलबाजारात बुकेसाठी जे जांभळं-पांढरं ऑर्किड गड्ड्यांनी मिळतं ते बहुतेक हेच. उघडी गॅलरी असलेल्या माणसाला हे द्या, बंद फ्लॅटवाल्याला देऊ नका. वांडाला त्याहूनही जास्त उजेड आणि मुळांवर रोज पाणी. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बाहेर झाडाखाली टांगणाऱ्याला उत्तम. पुण्याच्या दिवाणखान्यासाठी ते मी विकत नाही, कोणी जास्त पैसे दिले तरी.

आणि सह्याद्रीतल्या झाडांवरची सीतेची वेणी कोणी पोत्यात भरून आणली तर घेऊ नका. जंगलातून परवानगीशिवाय काढलेलं रोप विकणं हा गुन्हा आहे, शिवाय ती झाडं दुकानात सहसा टिकत नाहीत.

दुकानातला स्टॉक

आता मूळ प्रश्न: काचेपासून आत असलेल्या दुकानात ऑर्किड ठेवायची कशी? पहिली गोष्ट, माल कमी आणि वारंवार आणा. २० कुंड्या एकदम आणण्यापेक्षा दहा-दहा दोनदा. फुललेली कुंडी दुकानात दोन-तीन आठवड्यांत गेली पाहिजे. बंद कळ्या जास्त असलेल्या कुंड्या काचेजवळ, पूर्ण उमललेल्या आतल्या बाजूला चालतात. कारण उमललेलं फूल कमी उजेडात टिकतं, कळी मात्र अचानक अंधार, एसीचा थेट झोत किंवा शेजारी पिकणारी फळं असं काही झालं की पिवळी पडून गळते. फळांच्या दुकानाशेजारी गाळा असेल तर हे जरूर लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, एक शेल्फ दिव्याचा करा. पावसाळ्यात तर पर्यायच नाही, दाट ढगांच्या दिवशी बाहेर उघड्यावरच कधी पाच-दहा हजार लक्स असतो, आत काय येणार? चार फुटी २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब शेजारी शेजारी, पानांपासून एक फुटावर, रोज १२ ते १४ तास. जांभळ्या उजेडाचे ग्रो लाईट घेऊ नका असं माझं मत आहे. झाडाला ते चालतात, पण त्यात फुलाचा रंगच दिसत नाही आणि आपल्याला फूल विकायचंय. खर्च बघा: ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला १७ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर दोनशेच्या आसपास. शेल्फवर आठ-दहा कुंड्या बसतात, म्हणजे कुंडीमागे महिन्याला २०-२५ रुपये. वरच्या हिशोबात एक कुंडी बिघडली की ४०० गेले होते.

टायमर लावा आणि रात्री दिवा बंदच ठेवा. फॅलेनॉप्सिस हवेतला कार्बन डायऑक्साईड मुख्यतः रात्री आत घेतं आणि दिवसा उजेडात वापरतं. रात्रभर दिवा जाळून जास्त कमाई होईल असं वाटत असेल तर तो गैरसमज.

नर्सरीतून आलेली झाडं सावलीच्या जाळीखाली वाढलेली असतात. त्यांना एकदम उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर दोन दिवसांत डाग पडतात. उजेड वाढवायचा तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू.

विकताना काय विचारायचं

दोनच प्रश्न: "कुठे ठेवणार?" आणि "तिथल्या खिडकीसमोर काय आहे?" आमच्याकडे नेहमीचा संवाद असा होतो.

"टीव्ही युनिटवर ठेवणार रे, तिथे छान दिसेल."

"ठेवा ना काकू, फुलं आहेत तोवर खुशाल ठेवा. गळली की दांडा कापून कुंडी बेडरूमच्या खिडकीत न्या. पुढच्या थंडीत परत दांडा आला की पुन्हा टीव्हीपाशी."

नाही म्हणायची गरज पडत नाही. फुलांच्या दिवसांत शोभेच्या जागी, बाकी वर्षभर कमाईच्या जागी, हे बहुतेकांना पटतं. ज्यांच्याकडे एकही खिडकी चालण्यासारखी नाही त्यांना स्पष्ट सांगतो की हा दोन-तीन महिने टिकणारा बुके समजून घ्या. ७०० रुपयांत दोन महिने, चार दिवसांच्या बुकेपेक्षा स्वस्तच पडतं! तेही घेतात. फरक एवढाच की झाड पुन्हा फुललं नाही म्हणून सहा महिन्यांनी आपल्या नावाने बोटं मोडत नाहीत.

खिडकीबद्दल शंका असेल तर हाताच्या सावलीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, मग कुंडी द्या. फोटो पाठवणारा माणूस सहसा झाड सांभाळतो.

आणखी एक सेवा आम्ही सध्या मोजक्याच लोकांसाठी करतो: फुलं गेलेली कुंडी आमच्या गच्चीवरच्या शेडनेटखाली महिन्याच्या फीवर ठेवायची आणि दांडा आला की घरपोच. ऐकायला आकर्षक आहे, पण पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नका. दुसऱ्याचं झाड मेलं तर फी परत देऊन भागत नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानात किंवा घरात, जिथे ऑर्किड ठेवायचा विचार आहे अशा चार जागा निवडा. प्रत्येक जागी सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता लक्स मोजा, सलग तीन दिवस, आणि वहीत तक्ता करा. शेवटच्या रकान्यात लिहा की ती जागा कशाची: फुललेल्या कुंडीची, कळ्यांच्या कुंडीची, की फक्त मनी प्लांटची. नर्सरीला फोन त्यानंतरच करा.